पाण्याखालचा उंबरा

इंगळे बाई गावाला निघाल्या की पहिल्या खेपेला कधीच जात नसत. पिशवी काखेत मारून, कुलूप तीनतीनदा ओढून बघून त्या एसटी थांब्यापर्यंत पोचायच्या, आणि खामगावची गाडी वळणावर दिसली की त्यांना गॅसची कळ आठवायची. मग आमच्या दारावरून झपाझप परत. मी ओट्यावरून सांगायची, “बाई, कळ बंद आहे. मघाशी मीच पाहिली.” त्यावर चालता चालताच त्यांचं उत्तर यायचं, “तवाची पाह्यली व मंदा. आता कशी आहे थे कोनी पाह्यलं?”

आणि त्या कुलूप उघडून आत जायच्या.

पिंपळगाव राजाच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा बाई तिथं मुरलेल्या होत्या. त्यांच्या शेजारचीच खोली मला भाड्यानं मिळाली, पुढं मी तिथंच घर बांधलं, आणि सगळी नोकरी आणि त्यानंतरचीही बरीच वर्षं आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिलो. उंच, किडकिडीत बाई. मान जरा पुढं काढलेली. बोलताना तुमच्याकडे बघण्याऐवजी तुमच्या खांद्यावरून मागं बघायच्या, मागून गाडी येतेय का, बैल सुटलाय का, काही पडतंय का, याचा अंदाज घेत. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या मागं कुणी उभं आहे. पिशवीत कायम हळदीची पुडी, सेफ्टी पिना, ग्लुकोज, टॉर्च आणि सुतळीचा गुंडा. वर्गात त्या पुस्तकासारखं शुद्ध मराठी बोलत. वर्गाचा उंबरा ओलांडला की अस्सल वऱ्हाडी.

एकदा आम्ही सातवीच्या मुलींची सहल लोणारला नेली. सरोवराच्या काठावरून खाली उतरायची वाट चांगली उताराची, दगडधोंड्यांची. बाईंनी सगळ्या मुलींच्या ओढण्या एकमेकींना गाठी मारून बांधायला लावल्या आणि त्यांची एक लांबच लांब माळ केली. दुसऱ्या शाळांची पोरं काठावर उभी राहून हसत होती. मुली लाजेनं लाल झाल्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं, पण बाई स्वतः सगळ्यांच्या पुढं, तोंड मुलींकडे करून, उलट्या चालत खाली उतरल्या. प्रत्येकीचं पाऊल कुठं पडतंय हे त्यांना बघायचं होतं. अर्ध्या वाटेत त्या स्वतःच पडल्या. कोपर चांगलंच सोललं. उठल्या, पिशवीतली हळद दाबली आणि पुन्हा उलट्या चालू लागल्या. त्या दिवशी एवढी एकच व्यक्ती पडली.

त्यांची काळजी खरी ठरायची असं मात्र मुळीच नाही. उलट, बहुतेक वेळा फुकटच जायची. शाळेच्या एका खोलीच्या छताला त्यांना तडा दिसला. त्यांनी मुलींना उचलून लिंबाखाली बसवलं. मुख्याध्यापकांनी समजावलं, कुणी जाणकार येऊन ठोकून-ठाकून छत ठणठणीत असल्याचं सांगून गेले, तरी बाईंचा वर्ग त्या वर्षी झाडाखालीच भरला. ऊन, वारा, निंबोळ्या, वर चिमण्यांचा त्रास. ते छत आजही जसंच्या तसं आहे. बाईंना कुणी हे चिडवण्यासाठी सांगितलं तर त्या शांतपणे म्हणायच्या, “मनात येऊन गेलं ना, आता थे दारात येत नाही.”

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. पुष्कळ वर्षं मला तो नुसता हट्टीपणा वाटायचा. मग एके दुपारी मुगाच्या वड्या घालताना त्यांनी आपण होऊन यजमानांचं सांगितलं. मी गावात येण्याआधीच ते वारले होते. त्यांचा मुलगा प्रशांत तेव्हा पाळण्यातून नुकता उतरलेला. इंगळे सर मोटरसायकलवरून शाळेला जात, आणि बाई रोज संध्याकाळी रस्त्याकडे डोळे लावून बसत. ट्रक, बैलगाडी, अंधार, पावसातली घसरण, सगळं त्यांच्या मनात येऊन जायचं. सर रोज सुखरूप यायचे. शेवटी गेले ते तापानं. साधा ताप. दोन गोळ्या घेऊन झोपलेले.

“ताप होता व,” बाई वडी थापता थापता म्हणाल्या. “तापाची काळजी कोन करते? माह्या मनात नाही आला थो. म्हनून आला.”

त्या दिवसानंतर मी त्यांना हसले नाही. त्यांच्या लेखी काळजी हा स्वभाव नव्हता, ते काम होतं. जगात जे जे वाईट होऊ शकतं ते सगळं आधी मनातून फिरवून आणायचं, म्हणजे ते घराच्या बाहेर राहील. एकही सुटता कामा नये. असं काम करणाऱ्या माणसाला झोप कशी लागणार? मला भिंतीपलीकडून पहाटे त्यांचे पाय वाजताना ऐकू यायचे.

प्रशांत हुशार निघाला. शिकून इंग्लंडला गेला, तिथंच नोकरीला लागला, पुण्याच्या केतकीशी लग्न केलं. बाई फोनवर तिथलं हवामान त्याच्या आधी त्याला सांगायच्या. बर्फ पडणार आहे, मोजे दोन घाल. गाडी हळू चालव. तिथं घरात म्हणे लाकडाच्या भिंती असतात, आग लागली तर कुठून निघशील ते पाहून ठेव. प्रशांत हो हो म्हणायचा. केतकीला मात्र ते जड जायचं. एक तर बाईंचं बोलणं तिला अर्धं कळायचं, आणि कळलेलं अर्धं सगळं संकटांचं असायचं. पोरगी वाईट नव्हती. तिचं पहिलं गरोदरपण तिसऱ्या महिन्यातच संपलं, तेव्हा बाई फोनवर म्हणाल्या होत्या, मले वाटतच होतं. बाईंच्या हिशेबी ते सांत्वन होतं, म्हणजे मी आधीच राखण केली होती, तरी कशी चूक राहिली, असं काहीतरी. केतकीच्या कानाला ते काय वाटलं असेल हे सांगायला नको.

दुसऱ्यांदा दिवस राहिले, पाचवा महिना लागला, तेव्हा प्रशांतनं आईला बोलावलं. बाई एकट्या विमानात बसायला तयार होईनात. मग त्यानं मला गळ घातली, “मंदामावशी, तू बी चाल.” मीही निवृत्त, मागंपुढं कुणी नाही. निघाले.

तिथं पोचल्यावर पहिल्या आठवड्यात काय झालं असेल याची कल्पना येईल. केतकी जिना चढली की बाई खाली हात पसरून उभ्या. केतकीनं सुरी घेतली की बाई उठल्या. तिनं पोटावर हात ठेवला की, “काऊन, दुखते काय?” पोरीचं तोंड उतरत चाललं. ती न्हाणीघरात जास्त वेळ राहू लागली, आणि बाहेर आली की डोळे लाल. एका सकाळी ती कामावर गेल्यावर प्रशांतनं स्वयंपाकघरात आईला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसला. मी ओट्याशी चहा गाळत होते.

त्यानं सांगितलं की सुट्टी घेऊन आपण एक नाव भाड्यानं घेतोय. इथं जुने कालवे आहेत, त्यांतून घरासारखी नाव स्वतः चालवत जायची, नावेतच राहायचं. केतकीला ते फार आवडतं, तिला जरा मोकळं वाटेल. मग तो थांबला आणि म्हणाला, “आई, तुह्यं सगळं खरं असंल. पन तू बोलली की तिले थेच दिसत राह्यते. नावेवर आहो तोपर्यंत काळजीचा एक शब्द तोंडातून काढू नको. माह्यासाठी.”

बाई त्याच्या खांद्यावरून मागं भिंतीकडे बघत होत्या. म्हणाल्या, “मनात त येईन.”

“मनात येऊ दे. बोलू नको.”

“बरं. नाही बोलत.”

नाव बघून मात्र मीच काठावर थबकले. रुंदीला आपल्या एसटीपेक्षा अरुंद आणि लांबीला दोन एसट्या एकापाठी एक लावाव्यात एवढी. आत एका ओळीत सगळं: मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की स्वयंपाकघर, मग बसायची जागा, न्हाणी, आणि अगदी पुढच्या टोकाला निजायची खोली. सुकाणू मागच्या टोकाला, उघड्यावर. कालवाही तसाच चिंचोळा. समोरून दुसरी नाव आली की दोन्हींच्या कडा काठावरच्या झुडपांना घासायच्या. पाणी काळसर, तळ दिसत नव्हता. वेग इतका कमी की काठावरून कुत्र्याला फिरवणारा म्हातारा आम्हाला मागं टाकून जाई.

बाई मागच्या बाकावर सुकाणूपाशी बसल्या. अंगावर शाल, मांडीवर पिशवी, ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी शब्द पाळला. फक्त माझं मनगट त्यांच्या हातात असायचं. पूल डोक्याला लागेल असं वाटलं की चिमटीत दाब. पोहणारा राजहंस जवळ आला की दाब. केतकी नावेच्या कडेवरून चालत पुढं गेली की जो दाब यायचा त्यानं माझ्या बांगड्या रुतायच्या. रात्री माझ्या मनगटावर वळ दिसायचे. पण तोंडातून शब्द नाही. केतकी पहिल्या दिवशी त्यांच्याकडे चोरून बघत राहिली, केव्हा सुरू होतील म्हणून. दुसऱ्या दिवशी तिचे खांदे सैल झाले. तिनं आपण होऊन बाईंना विचारलं, “आई, चहा देऊ?” आणि शेजारी येऊन बसली.

वाटेत पहिलं लॉक आलं तेव्हा बाईंनी मला हळूच विचारलं, “लॉक म्हंजे कुलूप ना? कालव्याले कुलूप कायले?” केतकीनं ते ऐकलं आणि मनापासून हसली. मग तिनं हातवारे करत नीट समजावलं. कालव्याला डोंगर-उतार लागला की पाणी वाहून जाऊ नये म्हणून मधे दगडी हौद बांधलेले असतात. नाव जेमतेम मावेल एवढे. पुढं-मागं जाडजूड लाकडी दरवाजे. उतरायचं असेल तर भरलेल्या हौदात नाव घालायची, मागचा दरवाजा लावायचा, आणि पुढच्या दरवाजातल्या झडपा उघडून पाणी सोडायचं. पाणी उतरेल तशी नाव खाली जाते. खालच्या कालव्याएवढं पाणी झालं की पुढचा दरवाजा उघडून बाहेर. एवढं सांगून ती म्हणाली, “एकच सांभाळायचं. मागच्या दरवाजाच्या बुडाशी पाण्याखाली दगडाचा उंबरा असतो. नावेची शेपटी त्याच्या पुढं ठेवायची.” हौदाच्या भिंतीवर त्यासाठी पांढरी रेघ मारलेली होती.

बाईंनी मान हलवली. नंतर त्यांनीच मला सांगितलं, ते त्यांनी ऐकलं होतं, पण मनात घेतलं नव्हतं. सून आपल्याशी हसून बोलतेय, एवढंच त्या ऐकत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक खोल लॉक आलं. केतकीला जरा दमल्यासारखं झालं म्हणून ती पुढच्या खोलीत पडली होती, डोळा लागला होता. प्रशांतनं नाव भरलेल्या हौदात घातली, रेघेच्या पुढं उभी केली, दोर काठावरच्या लोखंडी खुंटाला गुंडाळला आणि काठावर उतरला. मी त्याच्या मदतीला आधीच उतरले होते. आम्ही दोघांनी दरवाजाच्या लाकडी दांड्याला पाठ लावून मागचा दरवाजा बंद केला आणि पुढच्या टोकाला गेलो. नावेवर बाई, मागच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन.

प्रशांतनं दोन्ही झडपा उघडल्या. दरवाजाच्या पलीकडे पाणी धबधब्यासारखं कोसळू लागलं. मला तो आवाज फार आवडायचा, मी वाकून तेच बघत राहिले. प्रशांतही तिकडंच बघत होता. मागं खुंटावरचा दोर सैल होऊन निसटला होता आणि नाव हळूहळू, बोटभर बोटभर, मागं सरकली होती. ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही.

बाईंना दिसलं. त्यांनी नंतर सांगितलं ते असं. हौदाची ओली भिंत पुढच्या बाजूला वर वर चढत होती, म्हणजे पाणी उतरत होतं. पण त्यांच्या शेजारची भिंत होती तिथंच होती. आधी वाटलं, डोळ्यांचा भास. मग पिशवी मांडीवरून आपोआप पुढं घसरली. त्यांनी ती ओढून धरली. आत कुठंतरी एक पेला हलला. तोंड उघडलं आणि मिटलं. दिलेला शब्द आठवला. प्रशांत इतक्या लॉकांतून आणतोय, त्याला माहीत असेल. केतकी आताच झोपलीय. आपण ओरडलो आणि काही नसलं तर? आयुष्यभर ज्या बाईनं गॅसची कळ खरंच बंद आहे का म्हणून लोकांसमोर रस्त्यातून मागं फिरायला लाज बाळगली नाही, ती बाई त्या क्षणी, खरोखरच काहीतरी होत असताना, गप्प बसली.

किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नाही. फार नसावा. मग त्या उभ्या राहिल्या. सुकाणूचा दांडा धरून त्यांनी हाक मारली. त्या हाकेत किंचाळणं नव्हतं. मोठ्या मैदानात मुलींना हाक मारताना लावायच्या तो आवाज होता.

“प्रशांत, पानी बंद कर. मी खाली येऊन नाही राह्यली.”

आम्ही वळून पाहिलं. नावेचं मागचं टोक उंबऱ्यावर टेकून वरच राहिलं होतं आणि पुढचं टोक पाण्याबरोबर खाली चाललं होतं. दोन एसट्यांची ती लोखंडी लांबी तिरपी झाली होती. पुढच्या दाराचा काठ पाण्यापासून हातभर उरला असेल. आणि त्या दारामागं केतकी झोपली होती.

प्रशांतनं झडपा धाडकन बंद केल्या. पाण्याचा आवाज बंद झाला. त्या शांततेत आतून भांडी कोसळल्याचा खळखळाट ऐकू आला. बाईंच्या अगदी शेजारी, हौदाच्या भिंतीत, वर चढायची लोखंडी शिडी होती. प्रशांत काठावरून धावत ओरडत होता, “आई, शिडी धर. वर ये. वर ये आधी.” बाईंनी शिडीकडे पाहिलंही नाही. पिशवी बाकावर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि मागच्या दारातून आत उतरल्या.

प्रशांतनं निसटलेला दोर उचलून मागोमाग आलेल्या माझ्या हातात कोंबला, नुसता ओढून धर म्हणाला, आणि मागच्या दरवाजाकडे पळाला. आता उपाय एकच होता. वरून पुन्हा पाणी आत घ्यायचं, पण थेंबाथेंबानं. भसकन घेतलं असतं तर नाव कशी उचलली गेली असती, कुणी सांगावं. नावेच्या पोटात बायको, मूल, आई, आणि याला हात आवरून झडपेच्या दातेरी चाकाचा एकेक दात फिरवायचा होता. मी त्याचा चेहरा पाहिला. तेव्हा तो थेट बाईंसारखा दिसत होता. मान पुढं काढलेली, नजर कुठंतरी पलीकडे.

आत काय झालं ते केतकीनं मला नंतर सांगितलं. ती जागी झाली ती पलंगावरून खाली घसरतच. डोकं खाली, पाय वर, सगळं तिरपं, पुढच्या काचेवर काळं पाणी. ती ओरडणार एवढ्यात दारात आई दिसल्या. उतारावर बसून, एक हात भिंतीला आणि एक जमिनीला लावत, फुटक्या बशांवरून सरकत त्या खाली आल्या. केतकीच्या मागं बसल्या, दोन्ही पाय समोरच्या कपाटाला लावून ताठ केले आणि तिला पाठीमागून मिठीत धरलं. केतकीनं विचारलं, “आई, काय झालं?”

“काही नाही व माय,” बाई म्हणाल्या. “चहा सांडला.”

मग नाव उचलली जाईपर्यंत त्या बोलत राहिल्या. प्रशांत लहान असताना सायकल शिकला ते. पिंपळगावच्या बाजारात त्यानं बकरीच्या पिल्लासाठी कसा हट्ट धरला ते. त्याची मुंज, त्याचं पहिलं मिसरूड. वऱ्हाडीत, एका सुरात. केतकी म्हणाली, मला सगळं कळत होतं, एक शब्द अडला नाही. पाठीशी आईंचं काळीज धाडधाड उडत होतं तेही कळत होतं. पण आवाज हलला नाही.

पाणी चढलं. एक मोठा हिसका बसला, नाव मागून सुटली, दोनदा डोलली आणि सपाट झाली. मी दोर ओढून धरला होता. हाताची सालटी गेली होती ती मला संध्याकाळी कळली.

केतकीला काही झालं नव्हतं. तरीही तिला तिथून जवळच्या गावातल्या दवाखान्यात नेलं. त्यांनी पोटाला यंत्र लावून आम्हाला सगळ्यांना बाळाचे ठोके ऐकवले. टप टप टप, पळणाऱ्या घोड्यासारखे. बाई दाराच्या चौकटीपाशी उभ्या होत्या. ठोके सुरू झाले तशा त्या हळूच भिंतीला टेकून खाली बसल्या. साडीच्या काठाला रक्त लागलेलं होतं. पायात काच गेली होती, त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती.

संध्याकाळी दवाखान्याबाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. प्रशांतनं हातातला कागदी पेला खाली ठेवला. त्यानं आईला विचारलं, “तुले आधीच दिसलं होतं ना?”

“हाव.”

“मंग बोलली काऊन नाही लगेच?”

बाई पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघत म्हणाल्या, “तुले कबूल केलं होतं ना बाप्पा.”

प्रशांत उठला, थोडा पलीकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. बाई त्याच्यामागं गेल्या नाहीत. त्या माझ्याशी बोलल्या, पण स्वतःशीच बोलल्यासारखं. “नाव बुडाली असं आलं होतं मनात. आग लागली असं बी. पोरगी पान्यात पडली असं त कितीदा आलं. हे नव्हतं आलं व मंदा. पान्याखाली उंबरा असते, अन् माणूस त्याच्यावर अटकून राह्यते, हे कसं येईन कोनाच्या मनात?”

मी त्यांच्या पायावरची सुटलेली पट्टी नीट केली.

आम्ही दोघी गावी परत आलो. बाईंच्या घरातली पहाटेची पावलं बंद झाली नाहीत, पण बोलणं कमी झालं. गावातल्या कुणाला कशाची भीती घालणं नाही, मागून हाक मारून सावध करणं नाही. मनात येऊन गेलं ते दारात येत नाही, हे वाक्य मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. लोक म्हणाले, बाई सुधारल्या, परदेशाचं पाणी लागलं. मला त्यांची जास्तच धाकधूक वाटायला लागली. पूर्वी त्यांना कशाची भीती वाटतेय हे सगळ्या गल्लीला माहीत असायचं. आता काहीच कळायचं नाही. जेवायला बसल्या की घास हातात तसाच राहायचा. विचारलं तर म्हणायच्या, “कशाचं काय. पाहू.” तिकडून प्रशांतचे फोन मात्र दिवसातून दोनदा यायला लागले. आई जेवली का, पायाची जखम भरली का, जिना उतरताना कठडा धरते ना.

केतकीचे दिवस भरत आले तशा बाई पुन्हा तिकडं गेल्या, या वेळी एकट्या. विमानतळापर्यंत सोडायला येते म्हटलं तरी नको म्हणाल्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप. केतकीनं आईंना परत जाऊच दिलं नाही. आणखी थोडं राहा, बाळ बसायला लागू दे, रांगायला लागू दे. मुलीशी घरात वऱ्हाडी बोलायचं असा तिचा आग्रह होता. त्याच हिवाळ्यात बाई गेल्या. दोनतीन दिवस छातीत कफ भरला, दवाखान्यात नेलं, आणि तिथंच. प्रशांतनं फोन केला तेव्हा मी ओट्यावर होते. मला एवढंच वाटलं की शेजारचं दार आतून उघडावं आणि कुणीतरी बाहेर यावं.

जायच्या काही दिवस आधीचा एक व्हिडिओ कॉल माझ्या डोळ्यांपुढं आहे. प्रशांतच्या घराजवळूनही एक कालवा जातो, त्याच्यावर एक लॉक आहे. बाई बाळाला ढकलगाडीत घालून रोज दुपारी तिथं जाऊन बसायच्या. त्या दिवशीही त्या तिथल्या बाकावर होत्या. साडी, त्यावर प्रशांतचा जाड कोट, पायात बूट, डोक्याला मफलर. नातीला फोनमधून मला दाखवत होत्या. पोरगी गालाचे गोळे फुगवून झोपली होती. मी म्हटलं, बाई, थंडीत कशाला बसता? त्या काही बोलणार तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावरून उडाली.

“थांब मंदा. नाव येऊन राह्यली.”

त्यांनी फोन ढकलगाडीच्या कडेला टेकवून ठेवला. मला तिरपं दिसत होतं. एक हिरवी नाव हौदात शिरली, तिच्यावर दोघं गोरे, तरुण, हसतखेळत. बाई काठावर गेल्या. एक हात लांब करून पाण्याकडे, मग नावेच्या शेपटीकडे बोट करत त्या सांगू लागल्या, “मांग पाहा. मांग.” त्या पोरांना काय कळणार, त्यांनी आनंदानं हात हलवला. बाईंनी परत सांगितलं. परत बोट दाखवलं. सुकाणूवरच्या पोरानं शेवटी मागं वळून पाहिलं, भिंतीवरची रेघ पाहिली, आणि नाव हातभर पुढं घेतली.

पाणी उतरू लागलं. नाव काठाखाली गेली, त्या दोघांची डोकी दिसेनाशी झाली. बाई काठावर कमरेत वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून, खाली बघत उभ्या होत्या. माझा कॉल चालू आहे हे त्या विसरल्या होत्या. नाव तळाशी नीट पोचेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.